आठ सेंटिमीटरांत अकरा व्हॉल्व्ह

माझ्या मोठ्या काकांनी आयुष्यभर जे काही काढलं ते साठ सेंटिमीटर रुंदीच्या कागदावर काढलं. ते आठ सेंटिमीटरांत बसवायचं काम माझ्याकडे आलं, कारण मी पदार्थविज्ञान शिकले आहे. पदार्थविज्ञान शिकलेल्या मुलीला पंखा दुरुस्त करता येतो, शेजाऱ्यांचा टीव्ही लावून देता येतो आणि कुठलीही वस्तू कितीही छोट्या जागेत बसवता येते, असा आमच्या वसाहतीत समज आहे. पहिल्या दोन बाबतींतला गैरसमज मी वेळेवर दूर केला होता. तिसऱ्या बाबतीत गाफील राहिले.

काका पाणीपुरवठा खात्यात ड्राफ्ट्समन होते. आमच्या वसाहतीत तीन इमारती आहेत, अ, ब आणि क, प्रत्येकीत चौदा घरं. आणि जमिनीखाली, जिन्यांखाली, बागेच्या कुंपणात, मीटरच्या खोलीत असे मिळून अकरा व्हॉल्व्ह. कुठला फिरवला की कोणाचं पाणी बंद होतं हे फक्त काकांना माहीत. मूळ नकाशा बांधणाऱ्याकडे राहिला, आणि बांधणारा कुठे राहिला हे कोणालाच माहीत नाही. त्यामुळे गेली वीस वर्षं कोणाच्या मोरीत पाइप फुटला की आधी काकांच्या दारावर थाप पडायची. काका चष्मा लावायचे, लांब दांड्याची लोखंडी चावी खांद्यावर टाकायचे आणि न बोलता चालू लागायचे. मागून अर्धी इमारत बादल्या घेऊन. लहानपणी मला ते एखाद्या मोहिमेवर निघालेत असंच वाटायचं. पदवी मिळाल्यानंतरही वाटायचं.

तर हे काका महिनाअखेरीला कायमचे ताईकडे, म्हणजे त्यांच्या मुलीकडे, दुसऱ्या शहरात राहायला जाणार होते. काकू गेल्यापासून ताई बोलावत होतीच. या वेळी काकांचे गुडघेही तिच्या बाजूने झाले. काका हो म्हणाले, पण त्या संध्याकाळी आमच्याकडे चहा घेताना आईला म्हणाले, "तिथं माझं काय काम?"

"भाऊजी, काम कशाला हवं? आराम करा."

"आराम म्हणजे काय करायचं नक्की?" काकांनी विचारलं. त्यांना खरंच माहिती हवी होती. आईने बिस्किटांची बशी पुढे सरकवली.

बातमी कळल्यावर वसाहतीच्या कमिटीने तातडीची सभा घेतली. सभेत आधी काकांचं अभिनंदन कशाबद्दल करायचं यावर चर्चा झाली, मग त्यांच्यानंतर पाण्याचं काय यावर. शेवटी असं ठरलं की काकांनी अकराही व्हॉल्व्हची माहिती आकृत्यांसह लिहून द्यावी, ती सोळा पानांच्या पुस्तिकेत छापावी आणि घरटी एक प्रत द्यावी. पुस्तिका दोन कॉलममध्ये असावी. आणि कुठलीही आकृती एका कॉलमच्या बाहेर जाता कामा नये.

ही शेवटची अट सेक्रेटरींची. सेक्रेटरी कोणतंही वाक्य ठराव असल्यासारखं बोलतात, पण या अटीमागे अनुभव होता. मागच्या वर्षीच्या अहवालात अध्यक्षांचा फोटो दोन्ही कॉलमवर आडवा छापला गेला होता. वाचणारे डावा कॉलम वाचत फोटोपर्यंत आले आणि फोटोखाली उतरायच्या ऐवजी उजव्या कॉलममध्ये चढले. त्यामुळे दिवंगत सभासदांची यादी थेट नव्या कार्यकारिणीच्या नावांना जाऊन मिळाली. खजिनदारांच्या सासूबाई दोन दिवस रडत होत्या.

"म्हणून एक चित्र, एक कॉलम," सेक्रेटरी म्हणाले. "तू करशील ना, बाळा? तुझा प्रबंध दोन कॉलममध्येच होता म्हणे."

माझा प्रबंध एकाच कॉलममध्ये होता. दोन कॉलममध्ये होता तो त्यातून काढलेला सहा पानांचा लेख, आणि त्यात दोन आकृत्या होत्या, दोन्ही आलेख, दोन्ही निमूटपणे बसले होते. पण सभेत हे सगळं सांगायला गेलं की माणूस आढ्यताखोर दिसतो. मी हो म्हणाले.

दुसऱ्या दिवशी काकांनी मला अकरा मोठे कागद गुंडाळून दिले. अकरा अतिशय देखण्या आकृत्या. काकांची अक्षरं सगळीकडे अडीच मिलिमीटर उंच असतात, मोजून बघा. मी मोजून बघितली आहेत. साठ सेंटिमीटरांचे आठ करायचे म्हणजे साडेसातपट लहान, म्हणजे अक्षराची उंची एक तृतीयांश मिलिमीटर. मोहरीच्या दाण्याच्या पाव भागाएवढी. मी हे काकांना गणित मांडून दाखवलं.

काकांनी गणित तपासलं, बरोबर आहे म्हणाले, आणि सुचवलं, "मग कॉलम मोठा कर."

"पानावर दोनच कॉलम मावतात, काका. पानाची रुंदी ठरलेली आहे."

"मग एकच ठेव."

"सभेत ठरलंय."

सभेत ठरलंय म्हटल्यावर काकांनी विषय सोडला. सरकारी खात्यात चौतीस वर्षं काढलेल्या माणसाला हे कारण पुरतं. मी सुचवलं की आकृत्या उभ्या काढल्या तर कॉलममध्ये छान बसतील, कॉलम उभाच असतो.

"पाइप जमिनीत आडवा आहे," काका म्हणाले. "तो उभा कसा काढू? बघणाऱ्याला वाटेल पाणी वर चाललंय."

अखेर त्यांनी अकराही आकृत्या नव्याने काढायला घेतल्या, आठ सेंटिमीटरांच्या चौकटीत, आडव्याच. बहात्तर वर्षांचा माणूस, डोळ्यांवर जाड चष्मा, त्यावर माझ्या कॉलेजातलं भिंग, आणि कागद माचिसच्या दोन काड्या टोकाला टोक लावून ठेवाव्यात एवढा. रोज सकाळी एक आकृती. काढून झाली की स्वतः घेऊन यायचे, दोन बोटांत धरून, ओल्या फोटोसारखी.

आता सॉफ्टवेअरबद्दल दोन शब्द. विद्यापीठात आम्ही ज्यात लिहितो त्यात पान डोळ्यांसमोर बनवायचं नसतं. मजकूर लिहायचा, मधे मधे सूचना लिहायच्या, आणि पान ते स्वतः बनवतं. ओळी तोडणं, शब्दांतली अंतरं, सगळं त्याच्यावर सोपवायचं. हे काम ते माझ्यापेक्षा फार चांगलं करतं. फक्त आकृतीच्या बाबतीत त्याचं एक तत्त्व आहे: आकृती ही तरंगती वस्तू आहे. तुम्ही ती कुठे लिहिलीत याला ते फार महत्त्व देत नाही. कॉलममध्ये जागा दिसली तर तिथे, नाहीतर पुढच्या कॉलमच्या डोक्यावर, तेही नाही जमलं तर पुढच्या पानावर. बसमध्ये चढलेल्या कुटुंबातल्या मावशीसारखं. सगळे पुढे बसले आहेत आणि मावशी कुठेतरी मागे, अनोळखी लोकांत, खिडकीशी खूश.

शास्त्रीय लेखात याने काही बिघडत नाही, कारण तिथे प्रत्येक आकृतीला क्रमांक असतो. मजकुरात 'आकृती ३ पाहा' म्हटलं की आकृती ३ कुठेही असो, वाचणारा शोधून काढतो. पण काकांच्या मजकुरात क्रमांक नव्हते. काका सगळीकडे 'खालील आकृतीत दाखवल्याप्रमाणे' असं लिहीत होते.

"काका, आकृत्यांना नंबर देऊ या का? आणि खाली एक ओळ, ही आकृती कशाची आहे ते?"

"नंबर कशाला? व्हॉल्व्हला नंबर नसतो. व्हॉल्व्हला जागा असते." मग थोडं समजावणीच्या सुरात, "आमच्याकडे एका कागदावर एकच काम. त्याची टीप त्याच्या शेजारी. जी गोष्ट जिथं आहे तिथंच काढायची, मग तिला नाव लागत नाही. तू घरात आईला नंबर देतेस का?"

याला वैज्ञानिक उत्तर आहे, पण ते तेव्हा सुचलं नाही.

म्हणून मी प्रत्येक आकृतीच्या सूचनेत एक इंग्रजी अक्षर घातलं, ज्याचा अर्थ 'इथे' असा होतो. पानं बनवली. अकरा आकृत्या अकरा परिच्छेदांखाली आज्ञाधारकपणे बसल्या. मी प्रत्येक पान पट्टी लावून तपासलं. एकही आकृती कॉलमबाहेर नव्हती. मला फार बरं वाटलं, आणि हे बरं वाटणं मी आईला, बाबांना आणि वरच्या मजल्यावरच्या बाईंना दाखवून आले. बाई तीस वर्षं शाळेत शिकवत होत्या. त्यांनी दोन ठिकाणी स्वल्पविराम घालून दिले आणि विचारलं, "कोणाकडून करून बघितलंस का? मुलांना समजलं का हे परीक्षा घेतल्याशिवाय कळत नाही."

काकांनाही चाचणी हवीच होती. ज्याला काहीच माहीत नाही अशा माणसाच्या हातात पानं द्यायची आणि फक्त बागेचा नळ बंद करायला सांगायचा. सगळ्यांत निरुपद्रवी काम. माणूसही ठरला: नाक्यावर नवीन दुकान टाकलेला प्लंबर. शनिवार, सकाळी साडेआठ.

शुक्रवारी संध्याकाळी काका परत आले. पहिल्या परिच्छेदात एक वाक्य घालायचं राहिलं होतं. 'जमीन ओली असते, चप्पल काढू नये.' एक वाक्य. मी ते घातलं, पानं पुन्हा बनवली, छापली आणि ठेवून दिली. पट्टी लावली नाही. मी हे कबूल करते आहे कारण पुढच्या काही दिवसांत हेच वाक्य मला बेचाळीस घरांपैकी निदान तीस घरांत कबूल करावं लागलं.

त्या एका वाक्याने पहिला कॉलम एका ओळीने लांबला. एका ओळीने लांबला म्हणून पहिली आकृती तिथे मावेना. ती दुसऱ्या कॉलमच्या डोक्यावर गेली. तिने ज्या ओळी ढकलल्या त्यांनी दुसऱ्या आकृतीला ढकललं. 'इथे' या अक्षराचा अर्थ 'जमलं तर इथे' असा आहे, हे मला ठाऊक होतं. म्हणजे वाचलेलं होतं. परिणामी बागेच्या नळाच्या परिच्छेदाखाली बागेची आकृती नव्हती. क इमारतीच्या मुख्य लाइनची होती. दोन्ही आकृत्यांत दोन व्हॉल्व्ह आणि शेजारी कुंपण. मजकूर सांगत होता, खालील आकृतीतला डावा व्हॉल्व्ह बंद करावा.

प्लंबरने खाली बघितलं आणि डावा व्हॉल्व्ह बंद केला.

बागेचा नळ चालूच राहिला. पण काकांनी पुढे लिहून ठेवलं होतं: 'पाणी न थांबल्यास आणखी अर्धा फेरा आवळावा.' प्लंबर शिस्तीचा माणूस. त्याने आणखी अर्धा फेरा आवळला. त्यासाठी त्याने चावीच्या दांड्यावर पाय दिला. आतून काहीतरी मोडल्याचा आवाज आला, एकदाच, आणि मग शांत झालं.

दोन मिनिटांनी क इमारतीच्या खिडक्या एकामागून एक उघडल्या. पाच मिनिटांनी सेक्रेटरी खाली आले. त्यांच्या अंगावर टॉवेल होता आणि डोक्यावर शॅम्पूचा फेस. फेसाखालूनही त्यांचा चेहरा ठराव मांडतानाचाच होता.

"हे कोणाच्या अधिकारात बंद झालं?"

"पुस्तकाच्या," प्लंबर म्हणाला. त्याने पान पुढे केलं, ओल्या बोटाने दाखवलं आणि माझ्याकडे वळला. "ताई, तुम्हीच सांगा. खालील लिहिलंय, मी खाली बघितलं. वरती बघायला हवं होतं का?"

काकांनी पान हातात घेतलं, चष्मा कपाळावर चढवला, बराच वेळ बघितलं. मग माझ्याकडे बघितलं. ते रागावले असते तर चाललं असतं. ते नुसते गोंधळलेले होते, आपल्याच घरात दिव्याचं बटण सापडत नसलेल्या माणसासारखे. "मी याच्याखाली काढली होती ती," ते म्हणाले. "हलली कशी?"

व्हॉल्व्हच्या आतला मोडलेला दांडा बदलायला दुपारचे बारा वाजले. तोपर्यंत चौदा घरांची रांग आमच्या मोरीत. आईने एकाच वाक्याने सगळ्यांचं स्वागत केलं: "या, बादली इथे ठेवा, ती आत आहे, बोला तिच्याशी." आणि लोक बोलले. चार नंबरच्या आजोबांनी सांगितलं की चित्रं सरळ डिंकाने चिकटवायची, डिंकाने चिकटवलेलं चित्र हलत नाही. बँकेतल्या मावशी म्हणाल्या की त्यांच्या भाच्याला संगणकातलं सगळं येतं, तो आठवीत आहे. फेस धुतलेले सेक्रेटरी सगळ्यांत शेवटी आले, बादली भरून घेतली आणि जाताना दारात थांबले. "बाळा, एक विचारू? पदार्थविज्ञानात नापास वगैरे..."

"पहिला वर्ग होता, सेक्रेटरीकाका."

"हो का? असू दे."

त्या दुपारी मी सगळ्या सूचनांत तेच अक्षर कॅपिटल केलं. ही त्या सॉफ्टवेअरमधली शेवटची पायरी आहे. छोटं अक्षर म्हणजे विनंती, त्यापुढे उद्गारचिन्ह म्हणजे आग्रह, आणि मोठं अक्षर म्हणजे 'इथेच, चर्चा नको'. आता आकृत्या जागच्या हलल्या नाहीत. पण जिथे कॉलमच्या तळाशी आकृती मावत नव्हती तिथे परिच्छेद आणि आकृती मिळून पुढच्या कॉलममध्ये गेले आणि मागे कोरी जागा राहिली. सोळा पानांत सहा कोऱ्या जागा. मला त्या चालत होत्या. काकांना तर आवडल्या. "हवा हवीच," म्हणाले. मी फाइल छापखान्यात दिली आणि तीन दिवस शांत झोपले.

चौथ्या दिवशी प्रूफ आलं. छापखान्याचे मालक जुने, सावकाश बोलणारे, बोटांना कायम शाई. म्हणाले, "तुमचे सेक्रेटरी येऊन गेले. कोऱ्या जागा बघून त्यांना वाईट वाटलं. म्हणाले, कागद वाया जातो. मजकूर देऊन गेले, मी बसवला. थोडं इकडचं तिकडे सरकवावं लागलं. पण कॉलमबाहेर काही गेलं नाही हां, ते त्यांनी दोनदा सांगितलं होतं."

कॉलमबाहेर खरोखर काही गेलं नव्हतं. तिसऱ्या पानावर 'जिन्यात सायकली ठेवू नयेत' आलं होतं. सातव्यावर सेक्रेटरींचे पाण्याविषयीचे विचार. आणि नवव्या पानावर काकांचा हा परिच्छेद होता: 'खालील आकृतीत दाखवलेला व्हॉल्व्ह फार जुना व घट्ट आहे. तो वरून चांगला दिसतो, परंतु आतून निकामी असून त्याचा कशाशीही संबंध उरलेला नाही. त्याला हात लावू नये.' त्याच्याखाली, आठ सेंटिमीटर रुंद, सेक्रेटरींचा हसरा फोटो.

मालकांनी तो परिच्छेद माझ्याबरोबर पुन्हा वाचला. मग चष्मा काढून शर्टाला पुसला आणि फार वेळ पुसतच राहिले. "तसंच जाऊ द्यायचं का?" त्यांनी विचारलं. मी दोन-तीन सेकंद विचार केला, हे लपवण्यात अर्थ नाही.

प्रूफ घेऊन मी काकांकडे गेले. काकांच्या घरात आता खोकी दिसत होती. निघायला नऊ दिवस राहिले होते. टेबलावर खोकी नव्हती. टेबलावर अजूनही भिंग, पेन आणि कात्रीने कापलेले आठ सेंटिमीटरांचे कागद होते. प्रूफ बघून काका हसतील असं मला वाटलं होतं. ते नववं पान बघून थोडे हसले, मग बाकीची पानं चाळली आणि हसू गेलं.

"म्हणजे तू कितीही नीट लावलंस तरी कोणीतरी हलवणार."

"हो, काका. मी नाही, तर सॉफ्टवेअर. सॉफ्टवेअर नाही, तर सेक्रेटरी. पुढच्या वर्षी नवी आवृत्ती काढतील, मी इथे असेनच असं नाही. चित्र कुठे बसेल हे आपल्या हातात नाही. नंबर दिला तर ते कुठेही बसलं तरी सापडेल."

"आणि व्हॉल्व्ह? पुस्तकात नंबर सहा बघितला. खाली उतरलीस. जमिनीत सहा कुठं लिहिलाय?"

मी आकृतीपुरताच विचार केला होता. काका खिडकीतून बाहेर बघत होते, मीटरच्या खोलीच्या भिंतीकडे. भिंतीकडे एवढ्या आशेने बघणारा माणूस मी त्याआधी पाहिला नव्हता.

दुसऱ्या दिवशी सकाळी सातला आईने मला हलवून उठवलं. "अगं, भाऊजी भिंती रंगवतायत."

मी खाली धावले. काका स्टुलावर बसले होते, हातात बारीक ब्रश, शेजारी पांढऱ्या रंगाचा डबा. जिन्याखालच्या व्हॉल्व्हच्या वरती भिंतीवर आधी पेन्सिलने दोन समांतर रेघा, आणि त्यांच्यामध्ये आकडा: १. हाताच्या पंजाएवढा, पण तोच, कागदावरचाच. मला वाटतं, आयुष्यात पहिल्यांदा त्यांनी अडीच मिलिमीटरांपेक्षा मोठं काहीतरी लिहिलं असेल.

"कॉलम लहान आहे म्हणालीस ना," ते मागे न बघता म्हणाले. "भिंत मोठी आहे."

अर्थात भिंतीवर लिहायला परवानगी लागते. दोन आणि तीन रंगवून होईपर्यंत सेक्रेटरी आले. त्यांनी विचारलं की हे कुठल्या ठरावाने. काकांनी चार रंगवायला घेतला. सेक्रेटरींनी सांगितलं की इमारतीच्या दर्शनी भागाचा रंग बदलायचा तर दोन तृतीयांश सभासदांच्या सह्या लागतात. एव्हाना बाई छडीसारखी पट्टी घेऊन खाली आल्या होत्या, पेन्सिलच्या रेघा मारून द्यायला. त्या म्हणाल्या, "हा दर्शनी भाग नाही, हा जिन्याखालचा कोपरा आहे. आणि तुमचा फोटो नवव्या पानावर कुठे आलाय तो बघितलात का?"

मी त्यांना नववं पान दाखवलं. सेक्रेटरींनी परिच्छेद वाचला, फोटो बघितला, परिच्छेद पुन्हा वाचला. माणूस वाईट नाही. पान परत देत म्हणाले, "डबा मी धरतो. तुमचे गुडघे."

तीन दिवसांत अकरा आकडे झाले. बागेतल्या व्हॉल्व्हला भिंत नव्हती म्हणून एक फरशी उभी करून तिच्यावर सात लिहिला. मी पुस्तिकेत सगळीकडचं 'खालील आकृतीत' काढून 'आकृती १ मध्ये', 'आकृती २ मध्ये' असं केलं. सूचनांतली 'इथे, इथेच' ही सगळी अक्षरं पुसून टाकली आणि आकृत्यांना मोकळं सोडलं. त्या आपापल्या सोयीने बसल्या, कोणी कॉलमच्या डोक्यावर, कोणी तळाशी, आणि कोरी जागा एकच राहिली, शेवटच्या पानावर, शेवटच्या कॉलमच्या खाली. सेक्रेटरींनी तिच्याकडे बघितलं. मी सेक्रेटरींकडे बघितलं. त्यांनी पान मिटलं.

दुसरी चाचणी काका निघायच्या आदल्या दिवशी झाली. या वेळी प्लंबर नको म्हणाला, त्याचं नाव खराब झालं होतं. बाई पुढे आल्या. काकांनी त्यांना लांब दांड्याची चावी दिली, देताना क्षणभर दोघांचेही हात तिच्यावर होते, आणि स्वतः वर आमच्या खिडकीत येऊन उभे राहिले, हात मागे बांधून. काम कठीण निवडलं होतं: फक्त ब इमारतीचं, फक्त मागच्या बाजूचं पाणी बंद करायचं. बाईंनी पान उलटलं. आकृती शोधली. ती त्या पानावर नव्हती; त्यांनी पुढचं पान उलटलं, तिथे होती. चालत मीटरच्या खोलीशी गेल्या, भिंतीवर वर बघितलं, खाली वाकल्या.

काकांचा खांदा माझ्या शेजारी आपोआप थोडा फिरला, अर्धा फेरा.

ब इमारतीतून कोणीतरी ओरडून सांगितलं, "गेलं पाणी. मागचं गेलं, पुढचं आहे." मी घड्याळ बघितलं. नऊ मिनिटं. खाली लोकांनी टाळ्या वाजवल्या. सेक्रेटरींनीही वाजवल्या, या वेळी कोरड्या डोक्याने.

"छान," काका म्हणाले. मग थोडं थांबून, "म्हणजे आता गेलो तरी चालेल."

मी तिथे काहीतरी बोलायला हवं होतं. आईने आतून हाक मारली, चहा झालाय, आणि तिने ते मुद्दामच त्या वेळी केलं असं मला वाटतं.

दुसऱ्या दिवशी काका गेले. चावी बाईंकडे राहिली. नंतरच्या महिन्यात दोन पाइप फुटले, दोन्ही वेळा बाईंनी पुस्तिका उघडली आणि कोणालाही काकांना फोन करावा लागला नाही. मी हे ताईला फोनवर अभिमानाने सांगितलं. तिने काकांना सांगितलं असणार. ताई म्हणाली, ते बरे आहेत, पण बाल्कनीत बसून असतात, फार बोलत नाहीत. त्या दिवशी मला पुस्तिकेकडे बघवेना. एखादं काम इतकं नीट करू नये, असंही कधी कधी वाटतं.

मग सहा आठवड्यांनी पाकीट आलं. वर माझं नाव, अडीच मिलिमीटर उंच. आत एकच छोटा कागद. आडवी आकृती: एक लांब पाइप, तीन व्हॉल्व्ह, एका टोकाला टाकी, कोपऱ्यात जिना. आमच्या वसाहतीतला असा कोपरा नाही. खाली स्वच्छ अक्षरांत एक ओळ होती, जी काकांनी आयुष्यात कुठल्या आकृतीखाली लिहिली नव्हती:

'आकृती १२. ताईच्या इमारतीतले व्हॉल्व्ह. इथे कोणालाच माहीत नव्हते.'

मागच्या बाजूला पेन्सिलने: 'अजून चार सापडायचे आहेत. वॉचमन मदत करतो. ही तुला हवी त्या पानावर टाक, नंबर दिला आहे.'

मी पट्टी काढली आणि मोजलं. बरोबर आठ सेंटिमीटर. मग माझ्या प्रतीचं शेवटचं पान उघडलं, चार नंबरच्या आजोबांकडून डिंक आणला आणि ती आकृती शेवटच्या कॉलमखालच्या कोऱ्या जागेत चिकटवून टाकली.

डिंकाने चिकटवलेली हलत नाही.